पडणाऱ्याची कुस्ती

1990च्या दशकाच्या आरंभी जे शाळेत होते त्यांना मधल्या सुट्टीतील ट्रम्प कार्डे आठवत असतील. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीगिरांची छायाचित्रे असलेले ते पत्ते. प्रत्येकावर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या आणि क्रमांक असे आकडे छापलेले असत. एकाने एखादा आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता ओढून घ्यायचा. उंचीसाठी जायंट गोन्झालेस हाती असावा, वजनासाठी योकोझुना. पुढे केबलवर त्या गोन्झालेसची कुस्ती प्रत्यक्ष पाहिली तेव्हा आमचा पार विरस झाला. त्या अवाढव्य माणसाला धड हालचालही करता येत नव्हती. उलट ज्यांचे पत्ते हाती आले की आम्ही हिरमुसत असू, त्यांतलेच काही मल्ल आखाड्यात उतरले की नजर हलत नसे.

अवास्तव मोठा झालेला मल्ल कोण आणि विनाकारण उपेक्षिला गेलेला कोण, हा वाद या कुस्तीचे चाहते गेली कित्येक वर्षे घालीत आले आहेत. साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांना तो नवा वाटू नये. अमुक कवी उगाच मोठा केला, तमुक कादंबरीकाराकडे समीक्षेचे लक्षच गेले नाही, ही आपल्या चर्चासत्रांतील चहाच्या वेळची नित्याची भाषा. फरक इतकाच की कुस्तीच्या चाहत्यांपाशी आकडे असतात आणि ते त्यांवर विसंबतात. (आवृत्त्या आणि पुरस्कार मोजून लिहिलेले प्रबंध आम्ही तपासले आहेत, तेव्हा या बाबतीत आपण फार हसू नये हे बरे.)

येथे एक मूलभूत अडचण आहे. व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे ज्याला आपल्याकडे पूर्वी 'फ्रीस्टाईल' म्हणत त्या प्रकारात, कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते. ही गोष्ट आता गुपित उरलेली नाही. 1989 मध्ये अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कुस्ती कंपनीनेच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे हे खेळ नसून मनोरंजन आहे अशी कबुली दिली. क्रीडा म्हणून लागू होणारे नियम आणि कर चुकवण्यासाठी दिली, हे खरे. पण मग 'जिंकलेल्या कुस्त्या' या आकड्याला अर्थ कोणता? नाटकात कितव्या अंकापर्यंत जिवंत राहतो यावरून नटाची थोरवी ठरवण्यासारखाच तो प्रकार होय.

रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने 1957च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकाचा आरंभच कुस्तीवरील निबंधाने केला, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. कुस्ती हा खेळ नव्हे, तो देखावा आहे, आणि लढत खरी की खोटी याची प्रेक्षकाला फिकीर नसते, असा त्याचा एकंदर रोख. हा निबंध आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे आणि दरवेळी त्यात काही उणे आहे असे वाटत आले आहे. बार्थ कुस्तीगिराच्या देहाकडे चिन्ह म्हणून पाहतो. हा नीच, तो सोसणारा, तो न्यायी. परंतु हे चिन्ह साकारण्याचे काम एक माणूस उत्तम करतो आणि दुसरा वाईट करतो, या भेदाशी त्याला फारसे कर्तव्य नाही. चाहत्याला मात्र नेमके त्याच भेदाशी कर्तव्य असते. त्यामुळे चाहता बार्थपेक्षा अधिक समीक्षक ठरतो, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो.

हा भेद कोठे दिसतो, तर हरणाऱ्यात. ठरलेल्या कुस्तीत जिंकणाऱ्याचा जय विश्वसनीय करण्याची जबाबदारी हरणाऱ्यावर असते. तो कसा धडपडतो, कोणत्या क्षणी त्याच्या डोळ्यांत भय येते, उचलला जाताना तो स्वतःचा तोल कसा देतो, आणि पाठीवर आदळताना स्वतःला व समोरच्याला इजा होऊ न देता आघात खरा कसा भासवतो, यावर सारे अवलंबून. 29 मार्च 1987 रोजी डेट्रॉइटजवळच्या पाँटिअॅक येथील प्रचंड बंदिस्त मैदानात हल्क होगनने आंद्रे द जायंट या फ्रेंच महाकाय मल्लाला उचलून आपटले. व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासातील हे सर्वाधिक प्रसिद्ध दृश्य असेल. पंधरा वर्षे अजिंक्य असलेला आंद्रे प्रथमच पराभूत झाला, असे त्या वेळी सांगितले गेले. ते खोटे होते. त्याआधी आंद्रे मेक्सिकोत आणि जपानमध्ये हरला होता, आणि खुद्द होगननेही त्याला 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचलून आपटले होते. त्या वेळी होगन खलपुरुष होता आणि आंद्रे नायक. म्हणून ती घटना नव्या संहितेतून गाळली गेली.

1987 मध्ये आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया होऊन वर्षही झाले नसावे. त्याला चालतानाही वेदना होत. होगनने त्याला उचलले याचा अर्थ आंद्रेने स्वतःला उचलू दिले, आणि त्या क्षणी तो आपल्या देहाचा सारा इतिहास दुसऱ्याच्या खात्यावर जमा करीत होता. 1993च्या जानेवारीत तो वारला. होगन जुलै 2025 मध्ये वारला तेव्हा जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले, आणि निवेदक बहुतेक वेळ उचलणाऱ्याविषयीच बोलत राहिले. होगनची लोकप्रियता आम्ही नाकारीत नाही. पण कुस्तीगीर म्हणून त्याची डावांची शिदोरी अगदीच बेताची होती आणि अतिमूल्यनाचे उदाहरण मागितले तर आम्ही त्याचेच नाव घेऊ. त्याच रात्री त्याच मैदानात रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती झाली. सॅव्हेजने तिचा प्रत्येक डाव आधी कागदावर लिहून काढला होता आणि दोघांनी तो क्रम तोंडपाठ केला होता. ती लिहिणारा सॅव्हेज तीत हरला. जाणकार आजही त्या रात्रीची खरी कुस्ती तीच मानतात.

आपल्याकडे हीच कथा दारासिंगांच्या संदर्भात घडली. दारासिंगांविषयी आमच्या मनात प्रेमच आहे. 1950 आणि 60च्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांच्या कुस्त्या पाहिलेली पिढी आमच्या घरांत होती, आणि 'किंगकाँग' हे नाव त्या पिढीने ऐकले ते मुळी दारासिंगांचा वैरी म्हणूनच. एवढे मोठे कुस्तीगीर की कधीच हरले नाहीत, हे वाक्य आम्ही लहानपणी शेकडो वेळा ऐकले. 1968 मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळवले, हेही. यातील दुसऱ्या विधानाला एक तळटीप हवी. थेझ हा व्यावसायिक कुस्तीतील सर्वश्रेष्ठांपैकी एक, परंतु त्याचे मान्यताप्राप्त जगज्जेतेपद जानेवारी 1966 मध्येच जीन किनिस्कीकडे गेलेले होते, आणि मुंबईत उतरला तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. दारासिंगांना खरी कुस्ती येत होती, त्यांचे शरीर अव्वल होते, आणि त्यांच्याकडून हरण्यात थेझला कमीपणा वाटला नाही. त्यांचा गौरव व्हायला हवा तो यासाठी. आपण मात्र तो अजिंक्यतेसाठी करीत आलो.

आणि तो किंगकाँग? त्याचे नाव एमिल झाया. जन्म 1909, ट्रान्सिल्व्हानियातील ब्राशोव्हच्या परिसरात. त्या अगडबंब माणसाने 1930 पासूनच्या दशकांत आशियाभर कुस्त्या केल्या, सिंगापूरला घर केले आणि 1970 मध्ये तेथेच मोटार अपघातानंतर त्याचा अंत झाला. भारतीय प्रेक्षकासाठी त्याने राक्षसाची भूमिका वर्षानुवर्षे इमानाने वठवली. रामलीलेत रावण चांगला नसेल तर रामाचे काय होते हे आपल्याकडच्या कोणत्याही गावाला विचारावे. झायावर मराठीत कोणी चार ओळी गांभीर्याने लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

त्याहून अधिक अन्याय जॉर्ज गोर्डिएंकोवर झाला. 1959 मध्ये कलकत्त्यात दारासिंगांनी राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले ते या कॅनडियन मल्लाला हरवून. एवढ्यावरच आपल्याकडील उल्लेख संपतो. गोर्डिएंको हा विनिपेगचा. तरुणपणी अमेरिकेत असताना त्याचा कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला आणि त्या काळच्या वातावरणात अमेरिकेचे दरवाजे त्याला बंद झाले. व्यावसायिक कुस्तीची राजधानी अमेरिका. तेथे पाय ठेवता येत नसेल तर जगज्जेतेपदाचा विषयच संपला. त्यामुळे हा माणूस युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया असा जन्मभर फिरत राहिला. थेझसारखा, ज्याला खऱ्या-खोट्याची पारख होती असा मल्ल त्याला अत्यंत वरचा दर्जा देत असे. पुढे गोर्डिएंकोने कुस्ती सोडली आणि चित्रकार म्हणून उर्वरित आयुष्य काढले. 2002 मध्ये तो वारला. राजकीय मताची किंमत मोजलेल्या लेखकांवर आपण परिसंवाद घेतो, आणि तेच योग्य. पण तशी किंमत मोजलेला कुस्तीगीर आपल्या एका विख्यात विजयाच्या तळाशी पडून आहे, याचा आपल्याला पत्ता नसतो.

असो. आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे वळतो.

गामा पैलवान आणि झ्बिश्को. ही जोडी उच्चारली की मराठी वाचकाच्या मनात एकच चित्र उभे राहते. 10 सप्टेंबर 1910, लंडनचे व्हाईट सिटी स्टेडियम, आणि गामाच्या भयाने सतरंजीला पालीसारखा चिकटलेला एक गोरा पैलवान. अडीच तासांहून अधिक वेळ स्टानिस्लाउस झ्बिश्को हातापायांवर ओणवा राहिला, गामाला त्याची पाठ लावता आली नाही, अखेर कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. 17 तारखेला पुन्हा कुस्ती ठरली; झ्बिश्को फिरकलाच नाही. 'जॉन बुल' पट्टा आणि अडीचशे पौंड गामाला मिळाले. वसाहतीतून आलेल्या, पाच फूट सात इंचांच्या एका मल्लाने साम्राज्याच्या राजधानीत युरोपला गुडघ्यांवर आणले, या कथेने तेव्हाच्या हिंदुस्थानला काय दिले असेल याची कल्पना आपण करू शकतो. ती कथा खोटी नाही. त्याच मुक्कामात गामाने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा चीत केले होते आणि त्याचा भाऊ इमामबक्षने स्विस मल्ल जॉन लेमला काही मिनिटांत लोळवले होते.

पण या कथेत झ्बिश्कोला फक्त भित्रा म्हणून जागा आहे. त्याची बाजू कोणती होती? त्याच वर्षी 1 जून रोजी शिकागोत त्याची कुस्ती अमेरिकेचा विजेता फ्रँक गॉचशी झाली होती. झ्बिश्को हस्तांदोलनासाठी पुढे आला आणि गॉचने तो हात हाती येताच त्याचा पाय ओढला. पहिली चितपट काही सेकंदांतली. तीन महिन्यांपूर्वी सौजन्याची अशी किंमत मोजलेला मनुष्य लंडनमध्ये समोर उभ्या असलेल्या, रोलरला क्षणात उचलून टाकलेल्या, अपरिचित शैलीच्या मल्लापुढे आक्रमक होईल अशी अपेक्षा कशी करावी? त्याने बचाव केला. तो बचाव रटाळ होता, प्रेक्षकांना संताप आणणारा होता. कोल्हापूरच्या खासबागेत असे घडते तर हलगी थांबली असती आणि माती डोक्यावर आली असती. परंतु गामासारख्याला अडीच तास पाठ लावू न देणे हे काम येरागबाळ्याचे नव्हे. गामाला मोठा करायचा तर झ्बिश्कोला लहान करून कसे चालेल, हा साधा हिशेबही आपल्या दंतकथेने केलेला नाही.

आणखी एक गोष्ट. गामाविषयी पाच हजार कुस्त्या आणि एकही पराभव नाही असा आकडा सर्वत्र फिरतो. ट्रम्प कार्डावर शोभावा असा तो आकडा. सात फुटांच्या जवळपास उंचीचा रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी गामाच्या कुस्त्या एकाहून अधिक वेळा बरोबरीत सुटल्या होत्या. गामाचे मोठेपण त्या बरोबरींत अधिक दिसते असे आमचे मत आहे. पुन्हा पुन्हा न हटणारा प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा अंगावर घेणे ही आकड्याबाहेरची गोष्ट. म्हणून गामाला आम्ही अतिमूल्यित म्हणणार नाही. त्याचे माप चुकीच्या फुटपट्टीने घेतले गेले, इतकेच.

लंडननंतरच्या झ्बिश्कोचे काय झाले हे आपल्याकडे कोणी सांगत नाही, आणि खरी कथा तेथूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत कुस्तीचे रूप पालटले. एड 'स्ट्रँग्लर' लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी तासन्‌तास चालणाऱ्या कंटाळवाण्या कुस्तीच्या जागी वेगवान, ठरवलेली, गावोगाव फिरणारी कुस्ती आणली. (तासन्‌तास चालणारी कंटाळवाणी कुस्ती म्हणजे, बोलूनचालून, व्हाईट सिटीसारखी.) झ्बिश्को या नव्या व्यवस्थेत सामील झाला, 1921 मध्ये लुईसला हरवून जगज्जेताही झाला आणि 1922 मध्ये ते पद त्याने परत लुईसला दिले.

मग 1925 उजाडले. नेब्रास्का विद्यापीठाचा एक देखणा, धिप्पाड फुटबॉलपटू वेन मन याला या मंडळींनी जगज्जेता करायचे ठरवले. 8 जानेवारी 1925 रोजी लुईस त्याच्याकडून हरला. मनला कुस्ती जवळजवळ येतच नव्हती. अवास्तव मोठा केलेला मल्ल असा शब्दप्रयोग करायचा तर कुस्तीच्या इतिहासात त्याच्याइतका शुद्ध नमुना सापडणे कठीण. त्याची पत वाढावी म्हणून खरी कुस्ती जाणणाऱ्या एखाद्या नामवंत जुन्या मल्लाने त्याच्यापुढे पडणे आवश्यक होते. निवड झाली पंचेचाळिशी उलटलेल्या झ्बिश्कोची.

15 एप्रिल 1925 रोजी फिलाडेल्फियात झ्बिश्को पडला नाही. ठरलेले बाजूला ठेवून त्याने मनला खरोखर धरले आणि पाठीवर टाकले. पंचाने दुर्लक्ष करून पाहिले, पण पुनःपुन्हा पाठ टेकलेली सारे सभागृह पाहत होते. शेवटी निकाल द्यावा लागला. एका संध्याकाळी एक बनावट जगज्जेता संपला. झ्बिश्कोने हे सत्यप्रेमाने केले असे भाबडेपणाने मानण्याचे कारण नाही. तो विरोधी गटाला मिळाला होता आणि दीडच महिन्यात, 30 मे रोजी, सेंट लुईस येथे त्याने ते पद त्या गटाच्या जो स्टेकरला ठरल्याप्रमाणे देऊन टाकले. म्हणजे खोट्या व्यवस्थेत दुसऱ्या खोट्या व्यवस्थेसाठी त्याने खरी कुस्ती केली. या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो आहोत. हरण्यासाठी बोलावलेल्या म्हाताऱ्याच्या अंगात अद्याप कुस्ती शिल्लक होती, आणि ज्याला विजयी करायचे होते त्याच्या अंगात ती कधीच नव्हती. या दोन गोष्टी लपवणे हाच त्या धंद्याचा आधार होता, आणि फिलाडेल्फियात त्या उघड्यावर पडल्या.

त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारी 1928 मध्ये, पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांनी गामा-झ्बिश्को अशी दुसरी कुस्ती लावली. पहिली सतरंजीवर झाली होती, ही मातीत. हजारोंचा जनसमुदाय लोटला. गामा पन्नाशीला टेकलेला, झ्बिश्को त्याच्याच वयाचा. मिनिटही पुरते झाले नाही तोच गामाने त्याला चीत केले. अठरा वर्षे रेंगाळलेला निकाल लागला. ही कुस्ती निकाली आणि खरी झाली, आणि गामाच्या मोठेपणाचा याहून स्पष्ट पुरावा नको. परंतु 1910 मध्ये पळालेला म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तो त्या वयात, समुद्र ओलांडून, परक्या मातीत, परक्या शैलीत, ज्याच्यापासून पळाल्याचे बोलले जाते त्याच माणसापुढे उभा राहण्यास आला. पहिल्याच झटक्यात पडला. दंतकथेने 1910चा ओणवा झ्बिश्को जपून ठेवला आणि 1928चा, हरण्यासाठी का होईना, उभा राहिलेला झ्बिश्को गाळून टाकला. आमच्या लेखी उपेक्षितांच्या यादीत पहिले नाव त्याचे, आणि हे मत गामाच्या चाहत्यांनीच आधी मान्य करावे असे आम्हाला वाटते.

त्याचे शेवटचे दर्शन कुस्तीच्या इतिहासात होत नाही, ते चित्रपटाच्या इतिहासात होते. जेराल्ड कर्शच्या कादंबरीवरून ज्यूल्स दासँने दिग्दर्शित केलेला 'नाइट अँड द सिटी' हा चित्रपट 1950 मध्ये आला. त्यात ग्रेगोरिअस नावाचा एक वृद्ध, नामवंत ग्रीको-रोमन मल्ल आहे. त्याचा मुलगा ठरवलेल्या कुस्त्यांचा धंदा करतो आणि बापाला त्याची किळस आहे. ही भूमिका सत्तरीतल्या झ्बिश्कोने केली. चित्रपटात एका प्रसंगी स्ट्रँग्लर नावाच्या तरुण मल्लाशी त्याची झटापट होते. ती आखाड्यावर असली तरी प्रेक्षकांसाठी नसते, तिला तिकीट नसते, पंच नसतो. दोन जड देह एकमेकांना भिडतात, घामेजतात, धापा टाकतात. म्हातारा हळूहळू तरुणाला मिठीत आवळतो आणि तो सैल पडेपर्यंत सोडत नाही. ग्रेगोरिअस जिंकतो, आतल्या खोलीत जातो आणि मुलासमोर प्राण सोडतो. स्ट्रँग्लर हे नाव ऐकताना ज्यांना एड लुईस आठवतो त्यांना त्या मिठीचा दाब थोडा अधिक जाणवतो.

चित्रपट लंडनमध्ये घडतो. व्हाईट सिटी स्टेडियम तेव्हा तेथे उभेच होते.